पाव गोळी आणि पूर्ण गोळी : आमच्या मेडिकलविषयी

कोथरूडच्या जुन्या भागात, मुख्य रस्त्यावरून आत वळल्यावर दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ज्या औषधांच्या दुकानातून आमचे कुटुंब गेली १९ वर्षे औषधे घेत आले आहे, त्या दुकानाविषयी हे लिहीत आहे. दुकानाचे नाव देत नाही. ज्या चुकीमुळे मी लिहायला बसले ती त्या दुकानाइतकीच माझीही आहे, आणि त्या चुकीनंतरही आम्ही दुकान बदललेले नाही; तेव्हा नाव सांगून एकाच बाजूचा हिशेब मांडणे मला पटत नाही.

दुकान लहान आहे. पुढे काचेचे काउंटर, बाहेर वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक आणि त्या बाकाशेजारी वजनाचा काटा, ज्यावर सकाळी फिरून येणारी मंडळी उगाचच चढून पाहतात. वेळ सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९.३०, मधले चार तास कुलूप असते, आणि यावर पुण्याबाहेरच्यांनी केलेले विनोद आम्ही आता ऐकूनही घेत नाही. सकाळी काउंटरवर फार्मासिस्ट बाई असतात, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात. संध्याकाळी दुकानाचे मालक गल्ल्यावर बसतात आणि औषधे काढून देण्याचे काम दोन तरुण मुलगे करतात. मालक, म्हणजे आमचे काका, स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट आहेत आणि त्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत लावलेले आहे. मात्र सात ते साडेआठच्या गर्दीत त्यांची नजर बिलावर असते आणि औषध मुलांच्या हातून जाते. या दोन वेळांत दुकान इतके वेगळे असते की खरे तर मी दोन दुकानांचे परीक्षण लिहीत आहे.

माझा नातू चार वर्षांचा आहे आणि त्याचे वजन १४ किलो आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढा एक चट्टा दिसू लागला, तिथले केस मुळाशी तुटल्यासारखे झाले आणि खपली धरली. सोसायटीच्या जिन्यात राहणाऱ्या मांजरीच्या पिल्लाला तो मांडीवर घेऊन बसत असे, त्यामुळे संशय तिच्यावर गेला. तो खरा की बालवाडीत एकमेकांच्या टोप्या घालण्याचा परिणाम, हे आम्हाला कधीच कळले नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी खपली आणि दोन-चार केस तपासणीसाठी पाठवले आणि गजकर्ण असल्याचे सांगितले. डोक्यातले गजकर्ण नुसत्या मलमाने जात नाही, कारण बुरशी केसाच्या आत आणि मुळाशी घुसलेली असते व तिथपर्यंत मलम पोहोचत नाही. त्यासाठी पोटातूनच औषध द्यावे लागते. त्यांनी टर्बिनाफिन लिहून दिले. बाजारात सर्रास मिळणारी गोळी २५० मिलिग्रॅमची, म्हणजे मोठ्या माणसाच्या मापाची असते. २० किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला त्यातील ६२.५ मिलिग्रॅम, म्हणजे पाव गोळी, २० ते ४० किलोपर्यंत अर्धी, त्यापुढे पूर्ण. सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी करून घेतली, ती ठीक होती, आणि चार आठवड्यांचे औषध ठरले.

औषध आणायला मी संध्याकाळी साडेसातला गेले. चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे एकाखाली रेघ आणि रेघेखाली चार असा पावचा आकडा होता, पण इतका बारीक की रेघ आणि चार मिळून एक ठिपकाच दिसत होता. काउंटरवरच्या मुलाने गोळ्या कागदी पाकिटात घातल्या, पाकिटावर बॉलपेनने ठसठशीत ‘१-०-०’ लिहिले आणि बिल हातात दिले. डॉक्टरांकडे सूनबाई गेली होती. तिने मला ‘रोज एकदाच, जेवणानंतर’ एवढे सांगितले होते, आणि किती, हे पाकिटावर लिहिलेले असेलच असे तिलाही वाटले आणि मलाही. मुलगा आणि सून सकाळी आठला हिंजवडीच्या बसला जातात, त्यामुळे औषध देण्याचे काम माझे. बँकेत ३४ वर्षे मी इतरांनी लिहिलेले आकडे पडताळण्याचे काम केले. धनादेशावर रक्कम आकड्यात आणि अक्षरात वेगळी असेल तर तो परत पाठवत असे. हे पाकीट मात्र मी पडताळले नाही. साखरेच्या पाण्यात गोळी कुस्करून तीन दिवस पूर्ण गोळी मीच दिली.

तिसऱ्या दिवशी तो बरगडीखाली हात दाबून पोट दुखते म्हणू लागला, तोंडाला पाणी सुटून मळमळू लागले आणि वरणभाताचे ताटही त्याने दूर सारले. मला वाटले, पावसाळा आहे, बाहेरचे काही खाल्ले असेल. सकाळी साडेनऊला मी त्याच दुकानात उलटीचे सिरप मागायला गेले. घरात पूर्वी डोंपेरिडोनचे सिरप असायचे, तेच मागितले.

येथे सकाळचे दुकान सुरू होते. मॅडमनी बाटलीला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारले: कोणाला हवे आहे, वजन किती, आणि सध्या दुसरे कोणते औषध चालू आहे. मी सांगितले, बुरशीची गोळी चालू आहे. त्यांनी चेहरा वर केला आणि विचारले, ‘‘कोणती गोळी आहे आजी, आणि किती देताय?’’ मी म्हटले, एक. त्यांनी पिशवीतून कागद काढला, २५० ला १४ ने भागले आणि उत्तर माझ्याकडे वळवून धरले: किलोमागे जवळजवळ १८ मिलिग्रॅम. लिहून दिलेला डोस किलोमागे साडेचारच्या आसपास होता. तीन दिवसांत १८७.५ मिलिग्रॅम जायला हवे होते, तिथे ७५० गेले होते.

त्यानंतरच्या वीस मिनिटांत त्यांनी जे केले त्यासाठीच मी या दुकानाला आजही चांगले म्हणते. त्यांनी दुकानाच्याच फोनवरून डॉक्टरांना कळवले, चूक आपल्याकडची आहे हे पहिल्याच वाक्यात सांगितले, मुलाचे वजन, दिलेली मात्रा आणि शेवटची गोळी किती वाजता दिली हे तिन्ही सांगितले. मला त्यांनी बजावले की घरी जाऊन मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढायची नाही, कारण औषध आता पोटात नाही आणि उलटीतला अंश श्वासनलिकेत गेला तर एक नवेच संकट उभे राहते. गोळ्यांची स्ट्रिप आणि पाकीट दोन्ही डॉक्टरांकडे न्यायचे, फेकायचे नाही. उलटीचे सिरप त्यांनी दिले नाही. त्या बोलत असताना बाकावर चार माणसे खोळंबली होती आणि त्यांतील एक गृहस्थ घड्याळाकडे पाहत होते. त्यांच्याकडे मॅडमनी एकदाही पाहिले नाही.

डॉक्टरांनी नातवाचे डोळे, पोट, कातडी तपासली, रक्त पुन्हा घेतले आणि गोळी थांबवली. कोळशाची पूड देण्याचा उपयोग औषध पोटात असेपर्यंतच होतो, त्यामुळे ती वेळ निघून गेली होती. टर्बिनाफिनवर उतारा असे वेगळे औषध नाही. मोठ्या माणसांनी एका वेळी ५ ग्रॅमपर्यंत हे औषध घेतल्याच्या नोंदी आहेत आणि त्यांत डोकेदुखी, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात दुखणे आणि चक्कर हीच लक्षणे आढळलेली आहेत. त्यामुळे डॉक्टर घाबरलेले नव्हते. त्यांची काळजी दुसरी होती. हे औषध कातडी, केस, नखे आणि चरबीत जाऊन बसते व तिथून हळूहळू सुटते, म्हणून ते बुरशीवर इतके चांगले चालते आणि म्हणूनच जास्त गेलेले औषध बंद केल्यावर लगेच शरीराबाहेर जात नाही. क्वचित यकृताला इजा होते. डोळे पिवळे होणे, लघवी चहासारखी गडद होणे, अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड येणे यांवर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायला त्यांनी सांगितले. रक्ततपासणी ठीक आली, पोट दोन दिवसांत शांत झाले, आणि आठवड्याने पुन्हा पाव गोळी सुरू झाली. चट्ट्याच्या जागी आता केस आले आहेत.

आमच्यावर आलेले थोडक्यात गेले, आणि त्याचे श्रेय निम्मे औषधाच्या स्वभावाला आहे. याच कपाटातल्या सगळ्याच बुरशीविरोधी औषधांचा स्वभाव इतका सोशिक नाही, हे मला नंतर कळले. त्या घटनेनंतर मी मुद्दाम सकाळच्या वेळी जाऊन बाकावर बसू लागले, थोडी अपराधीपणाने आणि थोडी कुतूहलाने, आणि एका औषध दुकानाचे काम नेमके काय असते हे पहिल्यांदा नीट पाहिले.

एके दिवशी एक गृहस्थ आले आणि ‘‘त्या गजकर्णाच्या आठवड्याला एक घ्यायच्या गोळ्या द्या’’ म्हणाले. त्यांना स्वतःला फ्लुकोनाझोलच्या १५० मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा गुण आला होता आणि आता सहा वर्षांच्या मुलीला तसेच चट्टे उठले होते. चिठ्ठी नव्हती. मॅडमनी स्ट्रिपवरची लाल रेघ दाखवली आणि गोळी दिली नाही; हे परिशिष्ट ‘एच’मधले औषध आहे आणि चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, एवढे त्या म्हणू शकल्या असत्या. त्यांनी कारणही सांगितले. मुलांना हे औषध किलोमागे मोजून देतात. तोंडातल्या बुरशीसाठी पहिल्या दिवशी किलोमागे ६ मिलिग्रॅम आणि पुढे ३, आणि गंभीर आजारातही दिवसाला किलोमागे १२ च्या वर जात नाहीत. सहा वर्षांच्या साधारण १८ किलोच्या मुलीला १५० ची एक गोळी म्हणजे किलोमागे आठच्या वर. एका गोळीने अनर्थ होईलच असे नाही. पण आठवड्याला एक ही गोष्ट घरात चुकून रोज एक व्हायला वेळ लागत नाही, आणि रुग्णालयात एवढी मात्रा देतात तेव्हा सोबत यकृत, मूत्रपिंड आणि हृदयाच्या ठोक्यांवर नजर असते, घरात कोणाचीच नसते.

फ्लुकोनाझोलचा मोठा भाग न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून ज्या मुलाला मूत्रपिंडाचा त्रास आहे, किंवा जुलाबांनी ज्याची लघवी कमी झाली आहे, त्याच्या अंगात ठरलेला डोसही साचत जातो. तान्ह्या बाळांचे तर गणितच वेगळे: जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हे औषध ७२ तासांतून एकदा देतात आणि त्यापुढच्या दोन आठवड्यांत ४८ तासांतून एकदा, कारण त्यांचे शरीर ते काढूनच टाकू शकत नाही. मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यावर भास होणे आणि संशयी, विचित्र वागणे असेही घडलेले आहे, आणि फार झाले तर रक्तशुद्धीकरण करावे लागते. तीन तासांच्या डायलिसिसने रक्तातले प्रमाण सुमारे निम्म्यावर येते.

मी ज्या डोंपेरिडोनच्या सिरपसाठी गेले होते त्याची गोष्ट इथेच सांगायला हवी. ते पुण्यातल्या किती घरांच्या फ्रीजच्या दारात असेल, देव जाणे. नातवाला टर्बिनाफिनऐवजी फ्लुकोनाझोल चालू असते आणि मी वर ते सिरप पाजले असते, तर दोन्ही औषधे मिळून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकली असती. फ्लुकोनाझोल हे डोंपेरिडोनचा यकृतातला निचरा अडवते आणि शिवाय दोघांचाही हृदयाच्या विद्युत्‌लयीवर परिणाम एकाच दिशेचा आहे, म्हणून ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत असे स्पष्ट लिहिलेले असते. झटक्यांसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या मुलांच्या बाबतीतही असेच होते: फ्लुकोनाझोल योग्य मात्रेत असले तरी ते फेनिटॉइनचे रक्तातले प्रमाण वाढवते आणि मूल झिंगल्यासारखे चालू लागते. अशा वेळी जास्त झालेले औषध दुसरेच असते, आणि घरच्यांना ते आपण नेहमीइतकेच दिल्याची खात्री असते. मॅडमचा तिसरा प्रश्न, म्हणजे दुसरे काय चालू आहे हा, मला आधी चौकशीखोर वाटला होता; आता तो न विचारणारे दुकान मला अर्धवट वाटते.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत आपल्याकडची एक जुनी सवय या काउंटरवर रोज समोर येते. बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर, म्हणजे तोंडातली बुरशी, आली की आमच्या पिढीतल्या बायका टाकणखाराची लाही मधात कालवून लावत. मीही माझ्या मुलाला लावलेली आहे, हे लपवत नाही. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध आणि बोरॅक्सच्या मिश्रणात बुडवलेली चोखणी दिलेल्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध स्वतंत्रपणेही देऊ नये असे डॉक्टर सांगतात. बोरिक पावडर लंगोटाखाली शिंपडल्याने बाळे दगावल्याचा इतिहासही गेल्या शतकातलाच आहे. हे दुकान टाकणखार ठेवते, पण मॅडम आधी कशासाठी हवा ते विचारतात आणि बाळाच्या तोंडासाठी म्हटले की देत नाहीत. त्याऐवजी ज्या औषधी जेलची चिठ्ठी येते त्यातही त्या एक सूचना करतात: मायकोनाझोलचे घट्ट जेल चार महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत, कारण ते घशाशी गोळा होऊन श्वास अडकू शकतो, आणि त्यापुढेही ते चमच्याने भरवायचे नसते, बोटाने थोडे थोडे तोंडाच्या पुढच्या भागात लावायचे असते. निस्टॅटिनचे थेंब त्या मानाने निरुपद्रवी, कारण ते आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाहीत. जास्त गेले तर मळमळ आणि जुलाब होतात.

मलमांच्या बाबतीत मात्र या दुकानाला मी पूर्ण गुण देणार नाही. काउंटरच्या काचेखाली, अगदी दर्शनी भागात, बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेली मलमे मांडलेली असतात आणि संध्याकाळी ‘खाजेचे मलम द्या’ म्हटले की हात तिकडेच जातो. २०१८ साली केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली. लंगोटाच्या घड्यांत लाल चट्टा पडलेल्या बाळाला हे मलम दिवसातून तीनदा चोपडले आणि वर डायपर घट्ट बांधला, तर बाळाची पातळ कातडी आणि वजनाच्या मानाने अंगाचा मोठा पृष्ठभाग यांमुळे स्टेरॉइड रक्तात उतरते; चेहरा चंद्रासारखा गोल होतो, वाढ खुंटते, आणि अचानक बंद केले तर आजारपणाला तोंड देण्याचे अंगातले रसायनच अपुरे पडते. पालकांना वाटते बाळ गुटगुटीत झाले. शिवाय स्टेरॉइडने खाज थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते, त्यामुळे गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नेहमीच्या औषधांना दाद न देणारे गजकर्ण वाढण्यामागे ही मलमे हे एक मोठे कारण त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. मग तेच न हटणारे गजकर्ण मुलांना लागते आणि पोटातल्या औषधांचा डोस वाढवण्याचा मोह होतो. काकांना मी हे सांगितले. त्यांनी मलमे काचेखालून मागच्या फळीवर हलवली, हे खरे. विकणे थांबले का, हे सांगता येत नाही.

मॅडम या दुकानात येण्यापूर्वी एका रुग्णालयाच्या औषध विभागात होत्या आणि २०२१ साली, करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे रुग्ण येऊ लागले तेव्हा तिथेच होत्या. आपल्या शहरात त्या दिवसांत अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक कसे वणवण फिरत होते, ते ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल. त्यांच्या तोंडून एक गोष्ट कळली, ती या सगळ्याच्या मुळाशी आहे असे मला वाटते. अ‍ॅम्फोटेरिसिनचे दोन प्रकार असतात: साधे आणि चरबीच्या सूक्ष्म गोलकांत भरलेले. दुसऱ्याचा डोस किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, क्वचित त्याहूनही अधिक असतो. साध्याचा कोणत्याही परिस्थितीत दिवसाला किलोमागे दीडच्या वर जाता कामा नये. नाव तेच, कुपी सारखीच दिसणारी. एकाच्या हिशेबाने दुसरे टोचले गेले तर हृदय आणि श्वास बंद पडू शकतो, आणि अशा अदलाबदलीने जगभर माणसे आणि मुले गेलेली आहेत. मॅडमच्या रुग्णालयात प्रत्येक कुपीमागे दोन माणसांनी स्वतंत्रपणे आकडा मोजायचा आणि नंतरच एकमेकांना सांगायचा, असा नियम होता. पाकिटावर लिहिण्याआधी ओठ हलवत मनात भागाकार करण्याची सवय त्यांना तिथून लागली आहे.

आता थोडे दुकानातल्या वस्तूंविषयी. पातळ औषधासोबत हे दुकान मागितल्यास ५ मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज देते. सकाळी न मागताही देतात, आणि माझ्या मते साऱ्या दुकानातली सर्वांत उपयोगी वस्तू ती आहे. घरी येऊन मी तिने आमचे चमचे मोजले: चहाच्या चमच्यात साडेतीन मिलिलिटर मावले आणि पोहे खायच्या चमच्यात आठ. चिठ्ठीवरचा ‘एक चमचा’ म्हणजे पाच. फ्लुकोनाझोलचे पातळ औषध मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅमचे असते तसेच ४० मिलिग्रॅमचेही असते, त्यामुळे बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला तर चौपट औषध जाते. गोळी कापायची प्लॅस्टिकची डबीही इथे मिळते. टर्बिनाफिनच्या गोळीवर बहुधा मधोमध एकच खाच असते, त्यामुळे अर्धी नीट होते आणि पाव होताना एक तुकडा मोठा, एक लहान निघतो. इतक्या फरकाने बिघडत नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, पण विळीवर कापताना अर्धी गोळी भुगा होऊन जाई, ते थांबले. घरपोच सेवा मात्र मी मुलांच्या औषधासाठी वापरणे सोडून दिले आहे. पाकीट वॉचमनकडे ठेवले जाते आणि ज्याने औषध काढले त्याला प्रश्न विचारण्याची संधीच राहत नाही. मोबाइलवरून मागवणाऱ्यांना सवलत जास्त मिळते, आमच्या दुकानात ती फारशी मिळत नाही. सुनेची यावरून कुरकुर असते. मी तिला त्या वीस मिनिटांच्या फोनची किंमत विचारते.

काकांशी माझे बोलणे झाले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ते आधी गर्दीबद्दल, मग डॉक्टरांच्या अक्षराबद्दल बोलले. अक्षराविषयी ते चुकीचे नव्हते, आणि मी डॉक्टरांनाही सांगितले आहे की पाव हा शब्द अक्षरांतच लिहावा. पण १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच काढून द्यायचे असते, आणि अक्षर लागत नसेल तर फोन उचलणे हे त्याचेच काम आहे. काउंटरवरच्या मुलावर मी आवाज चढवला नाही. त्याला कोणी वजन विचारायला शिकवलेच नव्हते. काकांनी तीन गोष्टी कबूल केल्या: बारा वर्षांखालच्या मुलाचे औषध संध्याकाळीही ते स्वतः पाहून देतील, पाकिटावर मुलाचे वजन लिहिले जाईल, आणि मात्रा आकड्याबरोबर अक्षरातही लिहिली जाईल. काउंटरच्या आतल्या बाजूला त्यांनी एक कागदही चिकटवला आहे, ज्यावर १०८ आणि दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक आहे. मी हे दोन्ही आमच्या फ्रीजच्या दारावर लिहून ठेवले आहेत, जिथे पूर्वी उलटीचे सिरप असायचे त्याच्या वरच.

त्याला आता चार महिने झाले. पहिली गोष्ट बहुतेक वेळा पाळली जाते, दुसरी सकाळी पाळली जाते, आणि तिसरीचे काय होते ते माणसागणिक बदलते. मागच्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता नातवाच्या सर्दीचे औषध घेतले तेव्हा पाकिटावर पुन्हा नुसता आकडाच होता. काउंटरशी उभी राहून मी तो मुलाकडून अक्षरात लिहून घेतला, आणि मग पैसे दिले.